शेवटचे एकशे साठ

लोहारणीचा खांदा गेला तो मंगळवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास. फाळ तापून नारिंगी झाला होता. लोहाराने तो सांडशीत धरून ऐरणीवर ठेवला आणि लहान हातोडीने टोकाजवळ एकदा टिचकी मारली. त्याने जिथे हातोडी टेकवायची तिथे तिने घण घालायचा, हा त्यांचा सतरा वर्षांचा ठराव होता. त्यासाठी बोलावं लागत नसे. तिने घण डोक्यावर नेला आणि तो वरच राहिला. तिला वाटलं, मागून कोणीतरी धरला. मग घण आपल्या वजनाने खाली आला, ऐरणीच्या कडेला लागला आणि लोहाराच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर जमिनीत रुतला.

दोघांनी आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. हात लोंबत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

डॉक्टरने हात उचलून पाहिला, फिरवून पाहिला, फोटो काढायला लावला. मग सांगितलं की आतली स्नायूची दोरी निम्मी तुटली आहे. तीन महिने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, आणि घण तर कधीच नाही. पुन्हा तुटली तर वेणी घालायलाही हात वर जाणार नाही. दिवसाला किती घाव घालता, असं त्याने विचारलं. तिने कधी मोजले नव्हते. लोहाराने बाहेर बाकावर बसून हिशोब केला. एका फाळाला साठ-सत्तर, हंगामात दिवसाला बारा ते पंधरा फाळ, वर कुऱ्हाडी आणि कुदळी वेगळ्या. आकडा आला तो त्याने तिला सांगितला नाही. बराच वेळ तो तिच्या चपलांकडे बघत राहिला.

पेरणी तेरा आठवड्यांवर होती. पेरणीआधीच्या पाच आठवड्यांत लोहाराच्या घरात वर्षाचं पोट भरतं. घण घालायला माणूस ठेवायचा तर मिळत नव्हता. जे धडधाकट होते ते शहरात बांधकामावर गेले होते आणि जे उरले होते त्यांचा घाव हातोडीच्या जागी पडत नव्हता. दोघांना लावून पाहिलं. एकाने फाळ वाकवला, दुसऱ्याने सांडशी.

शहरातल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये पॉवर हॅमर विकायला होता. पायाखालची पट्टी दाबली की वरून घण पडतो, सोडली की थांबतो. किंमत एक लाख ऐंशी हजार. घरात चाळीस हजार होते. वर्कशॉपचा मालक दोन महिने थांबायला तयार झाला, त्यापुढे भंगारवाला येणार होता. बाकीच्यासाठी दोघं बँकेत गेले.

कर्जाच्या टेबलाशी, काचेपलीकडे, एक बाई होती. चष्मा डोक्यावर, समोर थंड झालेला चहा. तिने कागद पाहिले, दुकान पाहायला कोणीतरी येईल म्हणाली, लोहाराचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि थांबली. मग चार पानं छापून आणली.

त्या कागदाला क्रेडिट रिपोर्ट म्हणतात, हे त्यांना तिथे कळलं. माणसाने आजवर कोणाकडून काय उधार घेतलं आणि कधी फेडलं, ते सगळं त्यावर असतं, असं तिने सांगितलं. वर एक आकडा होता, सहाशे चार. खाली तीन ओळी लाल. तिने एकेका ओळीवर पेन टेकवत वाचलं. मोटरसायकल, थकीत एकशे साठ. फोन, थकीत दोनशे दहा. वेल्डिंगचं मशीन, थकीत तीनशे चाळीस. मिळून सातशे दहा. मागच्या खुर्चीवरच्या माणसाने खोकल्यासारखं काहीतरी केलं. ते हसू होतं.

"लोक लाखांनी बुडवतात," बाई म्हणाली. "सातशे दहावर अडलेला अर्ज मी पहिल्यांदा बघते."

"बुडवले नाहीत," लोहार म्हणाला. "ठेवले आहेत."

"ठेवले म्हणजे?"

लोहाराने बायकोकडे पाहिलं. ती झोळीत बांधलेल्या हाताकडे बघत होती. हे काचेपलीकडच्या माणसाला कसं सांगायचं, ते दोघांनाही सुचेना.

बाईने फार खोदून विचारलं नाही. तिने एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. तिघांकडेही जा. दंडासकट पूर्ण भरा. खातं बंद झाल्याचं पत्र घ्या. मग रिपोर्ट दुरुस्त व्हायला महिना, दीड महिना लागेल, तेव्हा या. आणि खाली दोन रेघा ओढून लिहिलं: तडजोड नको. थोडं भरा, बाकीचं सोडतो, असं कोणी म्हणेल. ऐकायचं नाही. तसं केलं की कागदावर 'तडजोड' हा शब्द येतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही.

सगळे कागद घेऊन दोघं घरी आले.

त्यांच्या भट्टीवर कोणी खातं पूर्ण चुकतं करत नसे. हंगाम संपला की गिऱ्हाईक येऊन बसायचं, पैसे द्यायचं आणि थोडे मुद्दाम मागे ठेवायचं. कोणी वीस, कोणी पन्नास. राहू दे एवढे, असं म्हणायचं आणि उठायचं. याचा अर्थ पुढच्या वर्षी कुऱ्हाड इथेच येणार. लोहारही कोळसेवाल्याचे थोडे ठेवायचा, पत्रेवाल्याचे थोडे ठेवायचा. खातं बुडवायचं नाही आणि रितंही करायचं नाही. लोहाराच्या लहानपणी एका गिऱ्हाइकाने बांधावरून भांडण झाल्यावर येऊन मागचे सगळे पैसे, सुट्ट्यासकट, ऐरणीवर मोजून ठेवले होते आणि तो निघून गेला होता. त्या दिवशी लोहाराचा बाप जेवला नव्हता.

मोटरसायकलचे हप्ते न्यायला कंपनीचा माणूस घरी यायचा. चोवीस महिने आला. ओट्यावर बसून पाणी प्यायचा, भट्टीकडे बघत राहायचा. चोविसाव्या महिन्यात लोहाराने एकशे साठ कमी दिले. फोनचं तसंच. वेल्डिंगच्या मशीनचं तसंच. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तीन कंपन्यांशी आपलं चांगलं आहे.

लोहाराचा म्हातारा बाप ओट्यावर खुरप्याला मूठ बसवत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, एका कानाने बहिरा. तो कान ऐरणीच्या बाजूचा. सुनेने त्याला रिपोर्ट वाचून दाखवला. ती सातवी शिकलेली, सावकाश पण न चुकता वाचायची. दुसऱ्या पानावर त्यांचे पत्ते होते. अकरा वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडे भाड्याने राहिले होते ती खोलीही त्यात होती. बंद पडलेला फोन नंबर होता. तिसऱ्या पानावर महिन्यांचे चौकोन, रांगांमागून रांगा, प्रत्येकात एक आकडा. मोटरसायकलच्या ओळीत चोवीस चौकोनांत शून्य आणि मग तीस, साठ, नव्वद असे चढत गेलेले. इतके दिवस झाले, इतके दिवस झाले, असं कोणीतरी दर महिन्याला मोजत होतं.

लोहाराने कागद हातात घेतला. बोटं काळी होती म्हणून कडेने धरला.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "एकशे साठसाठी. दर महिन्याला."

आपल्या भावाने सहा वर्षांत दोनदाच फोन केला होता, असं लोहारीण म्हणाली. म्हातारा हसला, पण कागद त्यानेही मागून घेतला. वाचता येत नव्हतं. त्याने चौकोनांवरून अंगठा फिरवला, धार बघतात तसा. एवढी आठवण ठेवणारी माणसं वाईट नसणार, असं त्याचं मत पडलं.

मग फेडायची गोष्ट निघाली आणि म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. सगळे फेडायचे म्हणजे तोंडावर दार लावायचं. त्यांनी काय वाकडं केलंय आपलं? थोडे द्या, पन्नास-पन्नास तरी ठेवा. सुनेने सांगितलं की पन्नास ठेवले तरी ओळ लालच राहते. म्हातारा म्हणाला, मग मशीन नको. घण घालायला या घरात माणूस आहे.

तो उठला, धोतर खोचलं आणि भट्टीपाशी गेला. लोहार नको नको म्हणत होता, पण बापाने घण उचलला होता आणि आता थांबवलं तर ते त्याला आयुष्यभर लागलं असतं. लोहाराने भट्टीचा पंखा लावला, फाळ तापवला, ऐरणीवर ठेवला, हातोडी टेकवली.

पहिला घाव पडला तो हातोडीच्या खुणेवर, केसभरही इकडे-तिकडे नाही. दुसरा त्याच्या निम्म्यावर चढून. तिसरा तसाच. लोखंड टोकाकडे ओढलं जात होतं, जसं ओल्या मातीतून बोट ओढावं. लोहारीण दारात उभी होती. सतरा वर्षं ती घण घालत होती आणि गिऱ्हाइकं तिचं कौतुक करत. पण असा घाव आपल्याला एकदाही जमला नाही, हे तिला तेव्हा दिसलं. म्हातारा दात-ओठ खात नव्हता. घण वर जाताना तो जोर लावतच नव्हता; नुसता वाट देत होता. चौथा घाव. ठिणग्या त्याच्या पांढऱ्या पोटऱ्यांवर पडल्या. त्याने पाय हलवला नाही.

पाचव्याला घण कमरेच्या वर गेला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. दंडाचं मांस थरथरलं, मानेच्या शिरा दिसल्या, घण तिथेच. लोहार खाली बघत फाळ धरून राहिला. फाळ लाल झाला, मग काळा झाला.

म्हाताऱ्याने घण भिंतीला टेकवून ठेवला, पडू दिला नाही. ओट्यावर येऊन बसला. पाणी मागितलं. अर्धा तांब्या प्यायल्यावर म्हणाला, "भरून टाक. सगळे."

दंड धरून सातशे दहाचे चार हजार आठशे साठ झाले होते. ते चाळीस हजारांतून काढले.

फोनचं सोपं निघालं. तालुक्याच्या दुकानात मुलीने यंत्रावर नंबर टाकला, पैसे घेतले, पत्र छापून दिलं. सव्वा तास लागला, त्यात एक तास वीज नव्हती.

मोटरसायकलच्या कंपनीचं ऑफिस शहरात तिसऱ्या मजल्यावर होतं. दोघं सकाळच्या बसने गेले. रांगेत दीड तास उभं राहिल्यावर काउंटरवरच्या कारकुनाने विचारलं की एकशे साठसाठी एवढ्या लांब आलात? मागचे सगळे ऐकतील अशा आवाजात विचारलं. वर, इतकी लहान रक्कम भरून घ्यायची तर साहेबांना विचारावं लागेल, म्हणाला. साहेब जेवायला गेले होते. त्यांना बाकावर बसवलं. लोहारणीने डबा उघडला नाही. तिथे उघडायची लाज वाटली. समोरच्या भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, गाडीवर चौघं.

साहेब आले, तीसएक वर्षांचे. त्यांनी खातं उघडलं, खाली खाली सरकवत गेले, आणि मध्येच थांबून पडद्याकडे वाकले.

"तुम्ही लोहारकाम करता?"

लोहार हो म्हणाला. चूक काय झाली ते त्याला कळेना.

साहेबांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. वसुलीला जाणाऱ्या माणसाला प्रत्येक भेटीनंतर एक ओळ लिहावी लागते. बहुतेक ओळी सारख्याच होत्या: रक्कम मिळाली, रक्कम मिळाली. शेवटची वेगळी होती. लोहारणीने ती हळूहळू, मोठ्याने वाचली: ग्राहक चांगला आहे. एकशे साठ मुद्दाम ठेवले. पुन्हा येत जा म्हणाला. नोटीस काढू नये, ही विनंती.

काउंटरवरचा कारकूनही मान वळवून ऐकत होता. असं कोणी लिहीत नाही, साहेब म्हणाले. तो माणूस आता कुठे असतो, असं लोहाराने विचारलं. वर्षभरातच सोडून गेला, कुठे ते ठाऊक नाही. नोटिसा पुढे काढल्या गेल्याच, ओढ्यापलीकडच्या पत्त्यावर. लोहाराने बायकोला ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. ती वाचत असताना त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. आपण ती कधी काढली, हे त्याला जिना उतरताना कळलं.

दंडासकट पैसे भरले. पत्र मिळालं.

म्हाताऱ्याला त्या संध्याकाळी ती ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली. त्याने चांगला कान पुढे केला.

"म्हणजे कळलं होतं त्याला," तो म्हणाला, आणि बराच वेळ खुरप्याची मूठ घासत बसला.

राहिलं वेल्डिंगचं मशीन. ती कंपनी बुडाली होती आणि तिची खाती दुसऱ्या कुठल्या कंपनीने विकत घेतली होती. आपले तीनशे चाळीस कोणीतरी विकले आणि कोणीतरी विकत घेतले, हे लोहाराच्या डोक्यात दोन दिवस बसेना. नंबर मिळाला. त्यांनी सांगितलं, आमचा माणूस फोन करेल.

फोन आला तेव्हा लोहार एका हाताने विळ्याला धार लावत होता. पलीकडचा आवाज गोड, तरुण. काका म्हणून बोलायला लागला. दंड धरून दोन हजार एकशे झालेत काका, पण एवढे कुठून आणाल? नऊशे टाका. बाकीचे राहू द्या. फाइल बंद करून टाकतो.

लोहाराने विळा खाली ठेवला.

"राहू द्या म्हणालात?"

"राहू द्या की, काका. आपली माणसं आहात."

लोहारणीला दारातून त्याचा चेहरा दिसला. तो उजळला होता. त्या काचा, त्या रांगा, तो खोकला, सगळ्यानंतर शेवटी रीत कळणारा एक माणूस भेटला होता. लोहार त्याला भट्टीवर यायचं आमंत्रण देऊ लागला. या कधी, एक चांगली कुऱ्हाड करून देतो, पैशाचं नंतर बघू. पलीकडचा हसून हो हो म्हणत होता, आणि नऊशे आजच टाका, असंही म्हणत होता.

तिने डाव्या हाताने फोन घेतला.

"दादा, एकच सांगा. नऊशे भरले तर कागदावर काय लिहून येणार? 'बंद' का 'तडजोड'?"

"ताई, त्याने काय फरक पडतो? पैसे वाचतायत ना?"

"काय येणार?"

"तडजोड."

"मग आम्ही दोन हजार एकशे भरतो."

"ताई, मी तुमचे बाराशे सोडतोय."

"तुम्ही भल्यासाठीच म्हणत असाल," ती म्हणाली. "पण माझा हात गेलाय. आम्हाला मागे काही ठेवायचं नाही."

फोन ठेवल्यावर लोहार तिच्याशी चिडून बोलला. माणसाने स्वतःहून सोडलं होतं, आणि तू त्याच्या तोंडावर मारलंस. तिने बँकेतल्या बाईने लिहून दिलेला कागद आणून त्याच्यापुढे ठेवला आणि दोन रेघांवर बोट टेकवलं. त्याला अक्षरं जुळवायला वेळ लागला. जुळली तेव्हा तो उठून भट्टीत कोळसा घालू लागला, गरज नसताना.

पैसे भरले, पत्र आलं, तिन्ही पत्रं बँकेत दिली. मग सहा आठवडे वाट पाहिली. या सहा आठवड्यांत लोहाराने एकट्याने होईल तेवढंच काम केलं: विळे, खुरपी, सुऱ्या. फाळ घेऊन आलेले परत पाठवले. काही थोडं बसून, पाठ थोपटून गेले. काही दुसऱ्या गावच्या भट्टीवर गेले आणि जाताना मागचे पैसे चुकते करून गेले. दोन वेळा तसं झालं. दोन्ही वेळा म्हातारा उठून मागच्या दाराने बाहेर गेला.

पेरणीला पाच आठवडे असताना बँकेतून बोलावणं आलं. बाईने नवी पानं छापली होती. आकडा सहाशे शहाण्णव. फार नाही, ती म्हणाली, पण लाल काही नाही, त्यामुळे मॅनेजर सही करतील. तीन ओळींपुढे तीन शून्यं होती आणि तीनदा 'बंद' लिहिलेलं होतं. ही पानं घरी न्यायची का, असं लोहाराने विचारलं. न्या की, बाई म्हणाली, तुमचीच आहेत.

घरी सुनेने वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने पुन्हा अंगठा फिरवला.

"मग आता तिकडे आपलं काही नाही."

"नाही, आबा."

"एकशे साठवाल्याचंही?"

"त्याचंही नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि कागद नीट घडी घालून सुनेला दिला.

पॉवर हॅमर गुरुवारी ट्रॅक्टरवरून आला. माणसापेक्षा उंच, ओतीव लोखंडाचा, हिरवा रंग उडालेला. उतरवायला नऊ जण लागले. खाली सिमेंटचा पाया आधीच घातला होता, त्यावर बोल्ट आवळले. वायरमनने तारा जोडल्या. दुपारी तीनला सगळे थोडे मागे सरकले.

लोहाराने फाळ तापवला. नारिंगी झाल्यावर सांडशीत धरून हॅमरखाली आणला. हातोडी घ्यायला त्याचा उजवा हात सवयीने बाजूला गेला आणि रिकामा परत आला. लोहारीण स्टुलावर बसली होती. तिने पाय पट्टीवर ठेवला, त्याच्याकडे पाहिलं, आणि दाबला.

जमीन हादरली. ओट्यावरच्या तांब्यातलं पाणी हललं. घाव, घाव, घाव, मोजता येणार नाहीत असे, एकाच जागी, एकाच वजनाचे, आणि फाळाचं टोक डोळ्यांदेखत पुढे सरकत गेलं. म्हातारा भिंत धरून उभा होता. त्याने बहिऱ्या कानावर हात ठेवला, मग काढला; त्या कानालाही काहीतरी पोचत होतं. तिने पाय उचलला. सगळं थांबलं.

लोहाराने फाळ उचलून उजेडात धरला. टोक निघालं होतं, दोन्ही कडा सरळ. तिचे दोन्ही हात मांडीवर पडलेले होते. सतरा वर्षं लोखंड तिच्याआधी थकायचं, घाव अर्धे राहायचे आणि ते काळं पडून पुन्हा भट्टीत जायचं. आज काम संपलं होतं आणि लोखंड अजून लाल होतं.